डोक्याला पट्टा बांधून लँडिंग सुधारतं का?

*डॉक्टरमावशी, नमस्कार.*

*मी कडोली भागातली, वय २०. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग बेळगावात सायन्स. सध्या सांबऱ्याच्या विमानतळावर विमान चालवायला शिकते. माझे १९ तास झाले तरी सोलो, म्हणजे एकटीने उडायची परवानगी, मिळालेलं नाही. बॅचमधल्या दोघांना चौदा-पंधरा तासांत मिळालं. ते एप्रिलपासून उडत होते, मी जूनपासून. सर म्हणतात, तू फ्लेअर (टेकायच्या आधी नाक उचलणं) उंचावर करतेस आणि नजर नाकासमोरच ठेवतेस. टॉवरशी इंग्रजीत बोलायची वेळ आली की हातातलं काम विसरते. पावसात एकदा सलग अकरा दिवस उडायला मिळालं नाही. बाबांनी जमिनीचा आरटीसी उतारा गहाण ठेवून सोसायटीचं कर्ज काढलंय. विमानात बसले की मला मीटर पळताना दिसतं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पुस्तक घेऊन बसते.*

*हॉस्टेलमधल्या एका मुलीच्या भावाने मेंदूला हलका करंट देणारा पट्टा विकायला आणलाय, २८ हजारांना. अमेरिकेत पायलटांवर प्रयोग झालाय, ३३ टक्के फरक पडतो म्हणतो. मी दोन हजार आगाऊ दिलेत. बाबांना माहीत नाही. घेऊ का?*

*— एक शिकाऊ*

पोरी,

घेऊ नकोस. उत्तर एवढंच आहे, पण नुसतं ‘नको’ म्हटलं तर तू माझं पत्र मिटवशील आणि शनिवारी जाऊन पट्टा घेऊन येशील. तुझ्या वयात मीही तेच केलं असतं. म्हणून जरा बैस.

त्या भावाने सांगितलेला प्रयोग खोटा नाही. कॅलिफोर्नियातल्या मालिबूमध्ये एचआरएल नावाची प्रयोगशाळा आहे, बोइंग आणि जनरल मोटर्स या दोन कंपन्यांच्या मालकीची. तिथल्या लोकांनी २०१६ च्या फेब्रुवारीत तो प्रसिद्ध केला. विमान कधी न चालवलेली ३२ माणसं घेतली, त्यांना चार दिवस सिम्युलेटरवर बसवलं, आणि शिकताना त्यांच्या डोक्याला बारीक करंट दिला. काहींना कपाळामागच्या भागावर, काहींना हालचालींच्या भागावर. उरलेल्यांना पट्टा बांधला पण करंट दिल्याचं फक्त नाटक केलं, म्हणजे कुणाला खरा मिळाला हे त्यांचं त्यांनाही कळू नये. दोन जागा, आणि प्रत्येक जागी खरा नि नाटकाचा, असे चार गट. ३२ भागिले ४ तू कर. एकेका गटात आपल्या वडापच्या गाडीत बसतात तेवढीही माणसं नव्हती.

आता ते ३३ टक्के. बातम्यांत ते असं आलं, की जणू मेंदूत विद्या ओतायचं नळकांडं सापडलं. प्रत्यक्षात मोजलं होतं ते वेगळंच. विमान टेकताना किती जोरात आपटतं हे पाहिलं, आणि कपाळामागे खरा करंट मिळालेल्या गटातल्या लोकांच्या आकड्यांत एकमेकांत तफावत कमी दिसली. म्हणजे गटातली माणसं जास्त सारखी उतरली. शिकायचा वेळ एक तृतीयांशाने घटला असं त्यात कुठेही नाही. वर्गातल्या पोरांचे मार्क एकमेकांच्या जवळ आले म्हणून सगळी पहिल्या वर्गात पास झाली असं होतं का? प्रयोग करणाऱ्यांनी आपलं काम केलं. त्यापुढचं २८ हजारांचं काम विकणाऱ्याचं.

आणि सिम्युलेटरमध्ये पोटात गोळा येत नाही. वारा अंगावर येत नाही. शेजारी सर बसून उसासा टाकत नाहीत.

या प्रकाराचं पूर्ण नाव ट्रान्सक्रेनिअल डायरेक्ट करंट स्टिम्युलेशन. आम्ही टीडीसीएस म्हणतो. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्याला लावायचे आणि त्यातून एक-दोन मिलीअँपिअरचा करंट वीसेक मिनिटं सोडायचा. वेड्यांच्या इस्पितळातला शॉक वेगळा, त्याच्याशी याची गल्लत करू नकोस. तो शेकडो पट मोठा असतो आणि भूल देऊन देतात. टीडीसीएसचा करंट इतका बारीक, की तेवढ्याने पेशी स्वतःहून पेटत नाहीत. पेटायला जरा जास्त तयार होतात, किंवा जरा कमी. दूध कोमट जागी ठेवलं की दही लवकर लागतं, पण विरजणच घातलं नसेल तर रात्रभर ठेवून दूध नासेल, दही होणार नाही. तुझं विरजण म्हणजे सराव. पट्टा फार तर ती कोमट जागा.

त्यातही ऊब आतपर्यंत पोचते का, यावरच भांडण आहे. न्यूयॉर्कच्या ग्योर्गी बुझाकी यांच्या गटाने मृतदेहांच्या डोक्यांवर करंट लावून आत सुया घालून मोजलं. २०१८ साली ते छापून आलं. बाहेर लावलेल्या करंटातला साधारण तीन चतुर्थांश कातडी आणि कवटीतच जिरतो. उरलेला जिथे हवा तिथेच जाईल याचीही खात्री नाही. बाबांना विचार, एका सरीला सोडलेलं पाणी बांध कच्चा असला की कुठे जातं. प्रत्येकाच्या कवटीची जाडी वेगळी, केस वेगळे. प्रयोगशाळेत टेपने मोजून जागा ठरवतात. हॉस्टेलच्या खोलीत आरशात बघून स्पंज ठेवला आणि तो दोन बोटं सरकला, तर मेंदूचा कुठला भाग भिजला ते देव जाणे.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते पुढचं. ऑक्सफर्डच्या तेरेसा यूकुलानो आणि रॉय कोहेन कादोश यांनी २०१३ मध्ये एक प्रयोग मांडला. लोकांना सहा दिवस नव्या खुणांचे आकडे शिकवले आणि शिकताना करंट दिला. डोक्याच्या मागच्या बाजूच्या एका भागावर दिला तेव्हा शिकणं लवकर झालं, पण शिकलेलं आपसूक वापरण्याचं कसब मागे पडलं. पुढच्या भागावर दिला तेव्हा बरोबर उलट. एका तागडीत टाकलं ते दुसऱ्या तागडीतून गेलं. आता तूच सांग, विमानात कसलं काम जास्त? फ्लेअरचा धडा पाठ असण्याचं, की हात आपोआप जागेवर जाण्याचं? पट्टा यातलं काय घेईल आणि काय देईल, हे तो विकणाऱ्या पोराला ठाऊक असेल असं मला वाटत नाही.

धोक्याबद्दल मी तुला उगाच घाबरवणार नाही. २०१६ मध्ये जगभरच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या तेव्हा हजारावर माणसं आणि ३३,२०० वेळा दिलेला करंट, यात कुणाला गंभीर इजा झालेली सापडली नाही. खाज, चुणचुण, कातडी लाल होणं, डोकं दुखणं, चालू-बंद करताना डोळ्यांसमोर चमकणं, एवढंच. पण ती सगळी देखरेखीखाली केलेली कामं. घरी स्पंज सुकला की कातडी भाजू शकते. त्याच साली या विषयात काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी घरी प्रयोग करणाऱ्यांना एक उघडं पत्र लिहिलं. परिणाम किती दिवस टिकतो, रोज केलं तर काय होतं, काही जणांत परिणाम उलटा का होतो, हे आम्हालाच पुरतं कळलेलं नाही, तर तुम्ही स्वतःवर करू नका, असा त्याचा मथितार्थ. ज्यांचं पोट त्या विषयावर चालतं तेच सांगतात, तर ऐकावं.

शिवाय तुझ्यापुढे डीजीसीएचं, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याचं, क्लास वन मेडिकल आहे. तिथे फिट, चक्कर, डोक्याचे त्रास सगळं विचारतात आणि खाली सही घेतात. उद्या पट्ट्याने, किंवा पट्टा असताना योगायोगाने, डोकं ठणकायला लागलं तर डॉक्टरांना काय सांगशील? सांगितलंस तर चौकशी. लपवलंस तर वैमानिकाच्या धंद्यात पहिलंच पाऊल खोट्यावर.

आता पैशाकडे येते, कारण तुझं पत्र तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा मला कळलं की तुला शिकायची घाई नाहीच. तुला हप्त्याची घाई आहे.

कागद घे. कमर्शिअल लायसन्सला २०० तास लागतात. पट्टा बांधला म्हणून डीजीसीए त्याचे १९० करणार नाही. त्या २०० पैकी १०० तास तू स्वतः विमानाची कमांडर म्हणून केलेले हवेत. त्यातच २० तास लांबच्या प्रवासाचे. शिवाय १० तास नुसत्या उपकरणांकडे बघून, ५ तास रात्रीचे. म्हणजे सर शेजारी बसलेले तास धरायला बरीच जागा शिल्लक राहते, कायद्याच्या हिशेबाने जवळजवळ १०० तासांची. तुझे १९ तास वाहून गेलेले नाहीत. ते त्या २०० मध्ये जमा आहेत. चौदाव्या तासाला सोलो मिळालेल्या पोराला पण २०० भरावेच लागणार, आणि तुलाही २००. तुझ्या शाळेची आतली वाटणी थोडी वेगळी असेल तर ऑफिसात जाऊन लेखी मागून घे. लाजू नकोस, पैसे तुम्ही भरताय.

आणि ते दोघं एप्रिलपासून उडत होते, हे तूच लिहिलंस की! एप्रिल-मेमध्ये सकाळचं आभाळ कसं असतं आणि जुलैत सांबऱ्यावर ढग किती खाली येतात, हे शेतकऱ्याच्या मुलीला मी सांगायचं? त्यांनी रोज केलं, तू अकरा दिवसांच्या खंडानंतर केलंस. तुलनाच चुकीची आहे. बटाटा लावायच्या दिवसांत भात लावून उतारा कमी आला म्हणून बियाण्याला शिव्या देतात का?

आता लँडिंग. मी विमान चालवत नाही, मी शरीरशास्त्र शिकवलं तीस वर्षं. पण तुझ्या पत्रातली एक ओळ मला सरांच्या फ्लेअरपेक्षा मोठी वाटली. ‘टॉवरशी इंग्रजीत बोलायची वेळ आली की हातातलं काम विसरते.’

माणसाच्या डोक्यात एका वेळी ताजं धरून ठेवायची जागा फार थोडी असते. चार-पाच गोष्टी, बस्स. तू डाउनविंडला, म्हणजे उतरण्याआधी धावपट्टीला समांतर, असतेस तेव्हा वेग, उंची, फ्लॅप, धावपट्टी कुठे दिसते, ही चार तिथेच बसलेली. त्यात रेडिओ खरखरतो. ज्या मुलीचं इंग्रजी घरचं आहे तिच्या डोक्यात ते वाक्य कोपऱ्यात बसतं. तू आधी ऐकतेस, मग मराठीत आणतेस, मग उत्तर जुळवतेस, मग ते परत इंग्रजीत नेतेस. तोवर उंची गेली, वेग गेला, आणि धावपट्टी एकदम अंगावर आली की घाबरून काठी ओढतेस. उंचावर फ्लेअर तिथून येतो, असा माझा अंदाज. नजर नाकासमोर चिकटते तीही त्यामुळेच. डोकं भरलेलं असलं की डोळे जवळच घुटमळतात.

आपल्याकडच्या मराठी शाळेतल्या पोरांचं हे जुनंच दुखणं आहे. घरी मराठी, तहसीलदार कचेरीत कानडी, कॉलेजात इंग्रजी. तिन्ही येतात, पण घाईत एक दुसरीच्या पायात येते. यात तुझी अक्कल कमी नाही. ते इंग्रजी अजून जिभेवर बसलेलं नाही, इतकंच.

म्हणून रेडिओ जमिनीवरच संपव. टॉवरशी बोलायची वाक्यं ठरलेली असतात, मोजून वीस-पंचवीस भरतील. ती वहीत लिहू नकोस, तोंडाने म्हण. मोठ्याने. मैत्रिणीला टॉवर कर आणि तिला सांग की मधूनच काहीतरी वेगळं बोल, थांबायला सांग, वाऱ्याची दिशा बदल. कडोलीच्या बसमध्ये खिडकीशी बसून पुटपुट, लोक बघतील तर बघू देत. मग दुसरी पायरी, हातात काम घेऊन म्हण. भाकरी थापताना म्हण. भाकरी फाटली तर समज, वाक्य अजून डोक्यात जागा खातंय. भाकरी नीट होऊन तव्यावर गेली आणि उत्तरही बरोबर आलं, की ते बसलं. हसू नकोस. दोन कामं एकत्र दिली की पहिलं किती मुरलंय ते कळतं, आमच्या प्रयोगशाळेतही असंच तपासतात.

खंड पडतो त्या दिवसांत खुर्चीवर उड. तुमच्यात याला चेअर फ्लाइंग म्हणतात ना? करत असशील, पण बहुतेक पोरं ते झोपल्या-झोपल्या मनात करतात. तसं नको. खुर्ची, समोर भिंतीवर धावपट्टीचं चित्र, एका हातात काठी म्हणून लाटणं, दुसऱ्या हाताला थ्रॉटल म्हणून काहीही. पूर्ण सर्किट, म्हणजे उडण्यापासून उतरण्यापर्यंतचा फेरा, खऱ्या वेळात, घड्याळ लावून, रेडिओसकट. फ्लेअरच्या जागी आलीस की नजर उचलून धावपट्टीच्या टोकाकडे न्यायची, प्रत्येक वेळी. दिवसाला सहा सर्किट. याला तासाचे पैसे पडत नाहीत.

आणि रात्री दोनपर्यंत जागणं उद्यापासून बंद. यावर मी वाद घालणार नाही. २००२ मध्ये मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी लोकांना बोटांनी कळा दाबायचा एक क्रम शिकवला. संध्याकाळी शिकलेली माणसं रात्री झोपून सकाळी आली, मध्ये एकदाही सराव न करता, आणि त्यांचा वेग साधारण २० टक्क्यांनी वाढलेला होता. दिवसा तेवढेच तास जागे राहिलेल्यांत ती वाढ नव्हती. हातांनी शिकलेलं झोपेत मुरतं. तू सकाळी सर्किट करतेस आणि रात्री दोनपर्यंत मेटिऑरॉलॉजी वाचतेस. म्हणजे २८ हजारांच्या पट्ट्याकडून जे मागतेस ते फुकट मिळत असताना रोज अर्धं सांडून टाकतेस.

माझं एक सांगते. इंटर्न असताना मला सलाईनची सुई लावता येत नव्हती. बाकीच्यांना आठवड्यात जमलं, मला महिना झाला तरी पेशंटचे हात निळे. रात्रपाळीला सौंदत्तीकडच्या एक वयस्क सिस्टर होत्या. मी तिसऱ्यांदा शीर फोडली तेव्हा त्यांनी माझ्या हातातून सुई काढून घेतली आणि म्हणाल्या, “अवसर माडब्याड्री, डॉक्टर.” मी नवीन होते, कानडी जेमतेम. मला वाटलं, संधी घालवू नका म्हणतायत. म्हणून मी आणखी घाईने चौथा प्रयत्न करायला गेले! कानडीत अवसर म्हणजे घाई, हे मला कॅन्टीनमध्ये चहा पिताना कुणीतरी सांगितलं. त्या सिस्टरांनी मला दोन दिवस सुईला हातच लावू दिला नाही. नुसत्या शिरा चाचपायच्या, डोळे मिटून, बोटांनी. तिसऱ्या रात्री पहिल्या फटक्यात लागली. पुढच्या दोन चुकल्या, ते वेगळं.

तुझ्या सरांशी एकदा जमिनीवर बोल, विमानात नव्हे. विचार, की पुढच्या दोन उड्डाणांत रेडिओ तुम्ही सांभाळाल का, मी फक्त उतरणं करते. लँडिंग तेवढ्याने सुधारलं तर दुखणं कुठे आहे ते दोघांनाही कळेल. नाही सुधारलं तर माझा अंदाज चुकला, आणि मग दुसऱ्या कुणा शिक्षकाबरोबर एक उड्डाण मागायला हरकत नाही. दुसऱ्या डोळ्याला वेगळं दिसतं. डॉक्टरही दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवतात.

दोन हजार परत माग. मुलगी मैत्रीण आहे म्हणून संकोच करशील, तर तिला हे पत्र दाखव आणि म्हण मावशीने खोडा घातला. नाहीच दिले तर जाऊ देत, २६ वाचले.

बाबांना मात्र सांग. पट्ट्याचं नंतर सांगितलंस तरी चालेल, तासांचं आधी सांग. त्यांना वाटतंय मुलगी मागे पडली, आणि तुला वाटतंय त्यांचं रान चाललंय. दोघंही जेवताना खाली मान घालून बसत असाल. रविवारी घरी गेलीस की त्यांची ती खतांची न् पोत्यांची वही असते ना, ती माग. एका पानावर वर २०० लिही, खाली १९ जमा, १८१ बाकी. शेजारी कर्जाचे हप्ते, कुठल्या महिन्यात किती. रताळी निघाली की काय येणार ते त्यांना तुझ्यापेक्षा नीट माहीत आहे, ते लिहायचं त्यांना सांग. एखाद्या महिन्यात जमत नसेल तर सोसायटीच्या सेक्रेटरीकडे आधी जाऊन बोलता येतं, हप्ता चुकल्यावर जाण्यापेक्षा ते बरं. आणि कर्जाच्या कागदावर विमानाचे तास कमी पडले तर काय, याचं एखादं कलम आहे का ते दोघांनी मिळून वाचा. कागद कानडीत असेल तर तू वाचून दाखव. तेवढं तुला येतं.

— डॉक्टरमावशी